फोनमधले सेन्सर नक्की मोजतात काय? ज्येष्ठांच्या कट्ट्यावर समजावून सांगायचंय

जुना_वायरमन

नमस्कार मंडळी. मी वीज मंडळातनं निवृत्त झालेला वायरमन, वय ७२, राहायला कराडला. आमचा ज्येष्ठांचा कट्टा आहे, महिन्यातून एकदा कुणीतरी विषय घेऊन बोलायचं असं ठरलंय आणि या वेळी पाळी माझी आहे. विषय दिलाय, फोन आपोआप जे काय काय करतो ते कसं करतो. सगळ्यांकडे मुलांनी घेऊन दिलेले चांगले फोन आहेत, पण आत काय चाललंय ते माहीत नसल्यामुळे दोन गट पडलेत, काही जण फोन म्हणेल ते सगळं खरं मानतात आणि काही जण फोन आपल्यावर नजर ठेवतो म्हणून हातात घ्यायलाच बिचकतात. मला दोन्ही पटत नाही.

यूट्यूबवर बघितलं तर घाईघाईत दहा नावं सांगून मोकळे होतात, हा सेन्सर हालचाल मोजतो, तो दिशा मोजतो, झालं. अहो पण मोजतो कसा? मीटर म्हटलं की आत काहीतरी फिरतं, काहीतरी तापतं, काहीतरी ओढलं जातं, एवढं तर कळायला पाहिजे ना.

कट्ट्यावरचे प्रश्न असे आहेत. फोन कानाला लावला की स्क्रीन काळी होते ती कशी, आणि एका वहिनींच्या फोनची कॉल संपल्यावरसुद्धा काळीच राहते ते का. फोन आडवा केला की फोटो आडवा होतो, त्याला खाली-वर कुठलं ते कसं कळतं. रिक्षात बसून गेलं तरी पावलं का वाढतात. होकायंत्र कधीकधी चुकतं का. बोटाने लॉक उघडत नाही, आणि तो ठसा आधारच्या ठशासोबत कुठे जातो का. आणि एकाने बोट ठेवून बीपी सांगणारं ॲप घेतलंय, रोज सकाळी आकडा वहीत लिहितो, ते खरं का.

माहितगारांनी जमेल तसं सांगा. विजेची भाषा चालेल, इंग्रजी पुस्तकी नको.

मोबाइलवाला_बार्शी

काका नमस्कार. माझं रिपेअरिंगचं दुकान आहे. कानाचं आधी सांगतो कारण वयस्कर माणसं दुकानात येतात ती जास्त करून हीच तक्रार घेऊन येतात, "फोन मेला" म्हणून आणतात आणि फोन ठणठणीत असतो.

आपण ऐकतो त्या स्पीकरच्या शेजारी एक बारीक एलईडी असतो, त्यातनं इन्फ्रारेड उजेड बाहेर पडतो, आपल्या डोळ्याला दिसत नाही असा. त्याच्या बाजूलाच तो उजेड परत आला तर पकडणारा फोटोडायोड. समोर काही नसलं तर उजेड निघून जातो, गाल जवळ आला की त्यावर आपटून परत येतो, परत आलेला उजेड ठरावीक पातळीच्या वर गेला की फोन समजतो काहीतरी जवळ आलंय आणि स्क्रीन बंद, टच पण बंद. टच बंद करणं महत्त्वाचं कारण नाहीतर गालाने कॉल कट होतो, म्यूट होतो, काय वाट्टेल ते दाबलं जातं. त्याला गाल आहे का हात आहे का खिशाचं कापड हे काहीच कळत नाही, फक्त उजेड परत आला का नाही एवढंच.

आता वहिनींचा फोन. नव्वद टक्के स्क्रीनगार्ड असणार. स्वस्तातल्या काचेला वरती काळी पट्टी असते ती बरोबर त्या एलईडीवर येते, किंवा काचेखाली धूळ, तेल, पावडर जाऊन बसते, मग उजेड तिथेच आपटून परत येतो आणि फोनला वाटतं अजून कानालाच आहे. कोरड्या मऊ कापडाने वरची कड पुसा, नाही गेलं तर गार्ड काढून एकदा कॉल करून बघा. आणि तोपर्यंत कॉल कट करायला पॉवरचं बटण वापरता येतं, सेटिंगमध्ये अॅक्सेसिबिलिटीत तो ऑप्शन असतो, चालू करून द्या त्यांना. काही नव्या फोनमध्ये हा एलईडी नसतोच, स्पीकरमधनं आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतात आणि माइकने त्याचा पडसाद पकडतात, तिथे कधीकधी गाल जवळ असून स्क्रीन पेटते.

कट्ट्यावर दाखवायला एक गोष्ट सांगतो, लोकांना खूप आवडेल. टीव्हीचा रिमोट घ्या, त्याचं तोंड फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याकडे करा, म्हणजे सेल्फीच्या, आणि रिमोटचं बटण दाबा. डोळ्याला काही दिसत नाही पण स्क्रीनवर जांभळट ठिपका लुकलुकताना दिसतो. तोच इन्फ्रारेड. मागच्या कॅमेऱ्याने बहुतेक दिसत नाही, त्याला फिल्टर असतो. मग अंधारात दुसऱ्या फोनवर कॉल लावून त्याच्या वरच्या कडेकडे सेल्फी कॅमेरा धरा, बऱ्याच फोनचा तो कानाजवळचा एलईडी पण दिसतो.

तिथेच वरती उजेड मोजणारा पण सेन्सर असतो, त्यावर जेवढा उजेड पडेल तेवढा करंट. भर उन्हात लाखभर लक्स आणि रात्री घरात ट्यूबखाली शे-दोनशे, एवढा फरक, म्हणून ऑटो ब्राइटनेस बंद करून ठेवला असेल तर बागेत फोन काळा दिसतो आणि झोपताना डोळ्यात घुसतो. बऱ्याच जणांचं डोळ्याचं काही नसतं, हे सेटिंग बंद असतं.

आणि काका, स्क्रीन पण एक सेन्सरच आहे हे जरूर सांगा. पंख्याचा कंडेन्सर तुम्हाला माहीत आहे, दोन पट्ट्या आणि मधे फट. काचेखाली पारदर्शक तारांची जाळी असते, बोट जवळ आलं की तिथली कपॅसिटी थोडी बदलते आणि कुठल्या चौकटीत बदलली त्यावरून जागा कळते. जोराने दाबायचा काही संबंध नाही. वयस्कर माणसांची बोटं कोरडी असतात म्हणून कमी घेतं, मग ती जोर लावून दाबून धरतात, मग फोन त्याला लाँग प्रेस समजतो आणि ॲप हलायला लागतं, डिलीट होतं. अॅक्सेसिबिलिटीत "टच अँड होल्ड डिले" आहे तो लाँग करा. अर्धी भांडणं मिटतील फोनशी.

एक विनंती, सिम काढायची पिन खालच्या बारीक भोकात घालू नका म्हणावं. सिमचं भोक ट्रेच्या कडेला असतं, खालचं भोक माइकचं असतं.

जुना_वायरमन

हे बेस्ट सांगितलंत. कंडेन्सर म्हटल्यावर डोक्यात एकदम बसलं. रिमोट करून बघितला, नातीला बोलावून दाखवला. आता हालचालीचं कुणीतरी सांगा.

प्राध्यापक_पुणे

काका तुम्हाला कंडेन्सर कळतो म्हणजे पुढचं काम सोपं आहे, कारण हालचालीच्या सेन्सरमध्ये पण कंडेन्सरच आहे.

आपण उभ्याने एसटीत असतो आणि ड्रायव्हर ब्रेक मारतो तेव्हा आपण पुढे जातो. बस थांबते, आपलं अंग थांबायला मागत नाही. फोनमध्ये दोन-तीन मिलिमीटरची एक चिप असते, तिच्यात सिलिकॉनचाच कोरलेला एक इवलासा तुकडा सिलिकॉनच्याच बारीक स्प्रिंगांवर लटकवलेला असतो. फोन हलला की चौकट हलते आणि तो तुकडा मागे राहतो. त्या तुकड्याला कंगव्यासारखे दाते असतात आणि समोर चौकटीला पण दाते, एकमेकांत अडकवल्यासारखे पण न चिकटता, मधली फट दोनेक मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसाव्या-चाळिसाव्या भागाएवढी. तुकडा सरकला की फट बदलली, फट बदलली की कपॅसिटी बदलली, ती मोजायची. असे तीन दिशांना तीन. हाच ॲक्सेलेरोमीटर. ही जात मुळात नव्वदच्या दशकात गाडीच्या एअरबॅगसाठी मोठ्या प्रमाणावर बनायला लागली, धडक कळावी म्हणून, नंतर स्वस्त होत होत फोनमध्ये आली, २००७ च्या पहिल्या आयफोनमध्ये ती होती.

आता खाली-वर कसं कळतं. टेबलावर नुसता पडलेला फोन पण शून्य दाखवत नाही, ९.८ दाखवतो, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा आकडा. कारण तो लटकता तुकडा जमिनीकडे ओढला जातोच आहे, स्प्रिंगा ताणलेल्याच आहेत. कुठल्या दिशेची स्प्रिंग ताणली गेली त्यावरून जमीन कुठल्या बाजूला हे कळतं आणि फोटो वळतो. म्हणूनच फोन टेबलावर सपाट ठेवून गोल फिरवला तर फोटो वळत नाही, करून बघा, जमीन सगळ्या वेळी पाठीकडेच राहते त्यामुळे त्याला काही बदललेलंच दिसत नाही. आणि म्हणूनच कुशीवर झोपून वाचताना तो नेमका चुकीचा वळतो, कारण त्याला जमीन कळते, आपलं तोंड कुठे आहे ते कळत नाही. झोपून वाचणाऱ्यांनी ऑटो रोटेट बंद ठेवावं.

सपाट टेबलावर गोल फिरवलेलं कळायला दुसरा सेन्सर लागतो, जायरोस्कोप. त्यात पण लटकता तुकडा असतो पण तो सेकंदाला वीस-पंचवीस हजार वेळा कंप पावत ठेवलेला असतो, फोन फिरला की कंपाची दिशा सोडून आडवा पण थोडा हलतो, ते आडवं हलणं मोजायचं. स्वस्त फोनमध्ये बरेचदा हा नसतो.

पावलांचं. फोनला पाय माहीत नाहीत. तो त्या आकड्यांमध्ये ठेका शोधतो, चालताना अंग वर-खाली होतं, सेकंदाला साधारण दोन झटके, एकसारखे, सलग काही वेळ. असा ठेका सापडला की मोजायला लागतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर रिक्षा तसाच ठेका देते म्हणून वाढतात. त्याच्या उलट जास्त महत्त्वाचं आहे आणि ते कट्ट्यावर नक्की सांगा: जी माणसं हळू चालतात, पाय घासत चालतात, काठी किंवा वॉकर घेऊन चालतात, त्यांची पावलं फोन कमी मोजतो कारण झटका छोटा असतो. वॉकर धरला की हात हलत नाही म्हणून मनगटावरचं घड्याळ तर आणखी कमी मोजतं. अशा माणसाने दिवसभर घरात ये-जा केली आणि संध्याकाळी मुलाने फोन बघून "बाबा तुम्ही आज चाललाच नाहीत" म्हटलं तर ते चुकीचं आहे, आणि वाईट वाटणारं आहे.

सिस्टर_मिरज

मी नर्स आहे, तीस वर्षांच्या आसपास नोकरी झाली, त्यामुळे बीपीचं वाचून राहवलं नाही.

काका त्या गृहस्थांना आजच सांगा, ते आकडे वहीत लिहिणं थांबवा आणि त्यावरून गोळी कमी-जास्त करत असतील तर ताबडतोब डॉक्टरांशी बोला. फोनमध्ये बीपी मोजायला काहीच नाही. बीपी म्हणजे रक्ताचा दाब, तो मोजायला दाब द्यावा लागतो, म्हणून दंडाला पट्टा बांधून फुगवतो. बोट कॅमेऱ्यावर ठेवल्यावर काय दिसतं, तर फ्लॅशचा उजेड बोटातनं जातो, प्रत्येक ठोक्याला रक्त भरतं तेव्हा थोडा कमी उजेड परत येतो, ठोका गेला की थोडा जास्त. त्यावरून नाडीचे ठोके मोजता येतात आणि बोट न हलवता, गरम हाताने केलं तर ते बऱ्यापैकी बरोबर येतात. तेवढंच. त्यापुढे ॲप जे बीपी सांगतं तो अंदाज असतो, आणि ज्याला खरंच १८० आहे त्याला १३० दाखवलं तर तो निवांत घरी बसतो, यातलाच धोका मला सगळ्यात मोठा वाटतो. काही घड्याळं बीपी दाखवतात पण ती पण आधी पट्ट्याच्या मशीनने जुळवावी लागतात आणि दर चार आठवड्यांनी परत जुळवावी लागतात. त्यापेक्षा दंडाचं डिजिटल मशीन घ्या, पाच मिनिटं टेकून बसून मग मोजा.

ऑक्सिजनचं पण तसंच. कोविडच्या वेळी बोटावरनं ऑक्सिजन सांगणारी ॲप सगळीकडे फिरत होती. बोटाला लावायचा खरा ऑक्सिमीटर दोन प्रकारचा उजेड सोडतो, एक लाल आणि एक इन्फ्रारेड, आणि दोन्ही किती शोषले गेले त्याची तुलना करतो. फोनच्या फ्लॅशमध्ये नुसता पांढरा उजेड. दुसरा उजेडच नाही तर तुलना कशाशी करणार? साखर तर कुठल्याच फोनला कळत नाही, कोण काय सांगेल त्यावर विश्वास ठेवू नका.

दुसरी गोष्ट, कट्ट्यावर कुणाला पेसमेकर असेल तर हे मोठ्याने सांगा. काही फोनमध्ये आणि बऱ्याच फ्लिप कव्हरमध्ये लोहचुंबक असतो, पाठीला चिकटणाऱ्या चार्जरवाल्या फोनमध्ये तर चांगला ताकदीचा. चुंबक अगदी जवळ आला तर पेसमेकर वेगळ्या मोडमध्ये जाऊ शकतो. शर्टाच्या खिशात, पेसमेकरवर फोन ठेवायचा नाही. वीतभर, पंधरा सेंटिमीटर लांब ठेवायचा आणि पेसमेकर ज्या बाजूला आहे त्याच्या उलट कानाला लावायचा. घाबरायचं कारण नाही, फोन वापरायला काही हरकत नाही, फक्त जागा बदलायची.

आणि दहा हजार पावलांचं टेन्शन घेऊ नका कुणी. तो आकडा १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं त्याच्या नावातनं आलाय, कुठल्या डॉक्टरने तपासून दिलेला नव्हता. आपल्या गुडघ्यांना झेपेल तेवढं रोज चालावं.

पमाताई

होकायंत्राचं कुणी सांगितलंच नाही अजून. आमच्याकडे वास्तू बघायला आलेल्यांनी फोनवरच दिशा बघितली आणि हॉलमध्ये एक उत्तर, किचनमध्ये दुसरंच. शिवाय आमच्या गावाकडे गुप्तधन शोधायचं ॲप म्हणून एकाने फोनवर घेतलंय आणि ते खरंच आवाज करतं, त्यामुळे सगळ्यांचा विश्वास बसलाय.

अलिबागहून

पमाताई, फोनमध्ये चुंबकाची सुई नसते, चुंबकीय क्षेत्र किती आणि कुठल्या दिशेने आहे ते मोजणारी चिप असते. बऱ्याच फोनमध्ये ती हॉल इफेक्टवर चालते, म्हणजे पट्टीतनं करंट जात असताना बाजूला चुंबक आला की करंट एका कडेला ढकलला जातो आणि दोन कडांमध्ये बारीकसं व्होल्टेज येतं. वायरमन काकांनी क्लॅम्प मीटर वापरला असेल, डीसी मोजणाऱ्या क्लॅम्पमध्ये बरेचदा हेच असतं.

अडचण अशी की पृथ्वीचं क्षेत्र फार नाजूक, आपल्या भागात चाळीस मायक्रोटेस्लाच्या आसपास. त्याच्यापुढे फोनचा स्वतःचा स्पीकर, फ्लिप कव्हरचा चुंबक, स्लॅबमधल्या सळ्या, गॅसची शेगडी, फ्रिज, लोखंडी कपाट हे सगळं दांडगं. त्यामुळे हॉलमध्ये एक आणि किचनमध्ये दुसरं हे येणारच. कव्हर काढा, मोकळ्या अंगणात लोखंडापासून लांब उभे राहा, फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा, त्याने फोनला आपल्या आतला चुंबक किती आणि बाहेरचा किती हे वेगळं काढता येतं. मग ठीक दाखवतो. घराच्या दिशेचा निर्णय खोलीत उभं राहून फोनवर करू नये.

हे किती नाजूक असतं त्याचं आमच्या गावातच उदाहरण आहे. मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. मुंबईच्या घोड्याच्या ट्रामी विजेवर करायचं ठरलं तेव्हा त्या करंटमुळे नोंदी बिघडणार हे ओळखून १९०४ साली अलिबागला नवीन वेधशाळा उभारली, आणि तिच्या इमारतींना मुद्दाम चुंबकाचा गुण नसलेला पोरबंदरचा दगड वापरला. शहरभर पसरलेल्या ट्रामच्या करंटला जे लोक घाबरले त्यांच्या मानाने आपण शेगडीशेजारी उभं राहून उत्तर शोधतोय.

गुप्तधनाचं ॲप. तीच चिप आहे. लोखंड किंवा चुंबक जवळ आला की आकडा वाढतो आणि ॲप आवाज करतं, म्हणून ते "खरं" वाटतं. सोनं, चांदी, तांबं यांना चुंबक धरत नाही, त्यामुळे सोन्याच्या हंड्यावर फोन टेकवून ठेवलात तरी तो गप्प बसेल आणि गंजक्या खिळ्यावर ओरडेल. सोन्याची अंगठी आणि एक खिळा घेऊन गावात सगळ्यांसमोर दाखवा ताई, त्यासाठी कुणी पैसे घेऊन शेतं खणायला लावत असेल तर नक्की दाखवा.

सेवाकेंद्र_चालवते

बोटाचं मी सांगते, माझं रोजचं काम आहे हे. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला रांग लागते आणि निम्म्या म्हाताऱ्या माणसांचं बोट मशीन घेतच नाही. आयुष्यभर शेतात, भांड्यात, सिमेंटमध्ये हात गेलेले, ठसा झिजलेला, वर कातडी कोरडी. वय झालं की कातडीचा ताठपणा जातो आणि ठशाच्या रेषा चपट्या होतात, यात त्या माणसाचा काही दोष नसतो पण काही जण इतके ओशाळतात की बघवत नाही.

फोनच्या बटणावर किंवा पाठीवर जो ठशाचा सेन्सर असतो तो वर सांगितला तसाच कंडेन्सरचा, रेषेचा उंचवटा काचेला टेकतो तिथे एक कपॅसिटी, खाचेत हवा असते तिथे वेगळी, असं बारीक जाळीवर चित्र तयार होतं. कोरडी कातडी नीट टेकत नाही. ओली असेल तर खाचाच भरून जातात, मग पण नाही. स्क्रीनच्या आतला बहुतेक फोनमध्ये बोटावर उजेड पाडून फोटो काढतो, तिथे जाडी काच लावलीत की बोंब. उपाय म्हणून हात धुवून पुसून किंचित व्हॅसलीन चोळा, परत पुसा, आणि एकच बोट दोन वेळा वेगळ्या नावाने नोंदवा. अंगठा जास्त झिजलेला असतो, मधलं बोट चांगलं चालतं हा माझा अनुभव. तरी नाही झालं तर सरळ पिन ठेवा.

आणि आधारचं. फोनमधला ठसा फोनमध्येच राहतो, चिपमध्ये वेगळी कुलूपबंद जागा असते तिथे, ते पण ठशाचं चित्र तसंच्या तसं नाही तर त्याच्यावरून काढलेली खूण. बँकेच्या ॲपला पण ठसा मिळत नाही, फोन फक्त "जुळला" किंवा "नाही जुळला" एवढं सांगतो. आधारचा ठसा आपण केंद्रावर दिलेला, तो वेगळा, या दोघांची भेट होत नाही. दाखल्यासाठी आता बोट लागतंच असं पण नाही, २०२१ पासून चेहऱ्यावरून करता येतो, जीवन प्रमाण आणि आधारचं फेस आरडी अशी दोन ॲप लागतात, कॅमेरा चांगला आणि उजेड तोंडावर हवा. ८० च्या वरच्या केंद्राच्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, रांगेत उभं राहू नका म्हणावं.

सावध_नागरिक

हे सगळं ठीक आहे पण तुम्ही लोक घाबरणाऱ्यांना उगाच शांत करताय. जीपीएसने सरकारला आणि कंपन्यांना सगळं कळतं, उपग्रहाला कळतं आपण कुठे आहोत ते.

प्राध्यापक_पुणे

उपग्रहाला काहीच कळत नाही, हे नीट समजून घेऊया. जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटरवरून फक्त वेळ आणि आपली जागा ओरडत फिरतात, आपला फोन नुसता ऐकतो. कुठल्या उपग्रहाचा निरोप किती उशिरा आला त्यावरून अंतर काढतो, चार उपग्रह ऐकू आले की जागा निघते. आपल्या इस्रोचं नाविक पण तसंच. फोन वर काही पाठवत नाही, त्यामुळे नेट बंद असलं, रेंज नसली तरी जागा कळते, नकाशा आधी उतरवून ठेवला असेल तर चालतो.

पण तुमची काळजी पूर्ण चुकीची नाही. जागा फोनला कळल्यानंतर ती नेटवरून पुढे कोण पाठवतं हा खरा प्रश्न आहे, आणि तो ॲपचा आहे. सेटिंगमध्ये परमिशनमध्ये लोकेशन उघडा आणि टॉर्चच्या, पत्त्यांच्या, पंचांगाच्या ॲपने लोकेशन मागितलं असेल तर काढून टाका. माइक किंवा कॅमेरा चालू असेल तर २०२१ नंतरच्या अँड्रॉइडवर वरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका येतो, तो बघायची सवय लावा, व्हिडिओ कॉल नसताना दिसला तर वरून खाली ओढून त्यावर टिचकी मारा म्हणजे कुठलं ॲप वापरतंय ते दिसतं. हालचालीच्या सेन्सरला मात्र अँड्रॉइडवर साधी परवानगी लागत नाही हे खरं आहे, म्हणून अनोळखी लिंकवरून आलेलं ॲप टाकूच नये.

सह्याद्री_भटक्या

थोडं माझं पण. महागड्या फोनमध्ये हवेचा दाब मोजणारा पण असतो, आत एक पातळ पडदा जो दाबाने वाकतो. समुद्रसपाटीजवळ साधारण आठ-साडेआठ मीटर वर गेलं की एक हेक्टोपास्कल कमी होतो, कराडहून महाबळेश्वरला गेलात तर ऐंशीएकने उतरलेला दिसेल. ज्या फोनला हा आहे तोच जिने किती चढलो ते सांगू शकतो. बाहेरचं तापमान मात्र फोनला मोजता येत नाही, आतला थर्मिस्टर बॅटरीचं मोजतो, हवामान जे दिसतं ते नेटवरून आलेलं असतं.

जुना_वायरमन

सगळ्यांचे मनापासून आभार, वही भरली. बीपीवाल्यांना फोन केला, उद्या मी स्वतः त्यांना घेऊन दवाखान्यात चाललोय.

एक शेवटचं विचारतो. १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होतो, पहाटेची वेळ, आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांना ती रात्र अजून आठवते. मुलगा म्हणतो आता फोन भूकंप आधी सांगतो. हे त्याच हालचालीच्या सेन्सरचं काम आहे का, आणि किती आधी?

प्राध्यापक_पुणे

हो, तोच दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा. भूकंप होण्याआधी नाही, झाल्यावर पण लाट आपल्यापर्यंत पोचायच्या आधी. जमिनीतनं आधी एक हलकी लाट येते सेकंदाला सहाएक किलोमीटरने, मोडतोड करणारी मागून येते साडेतीनच्या आसपास. चार्जिंगला लावून स्थिर ठेवलेले अँड्रॉइड फोन ती पहिली लाट पकडतात, एका भागातले बरेच फोन एकदम हलले असं दिसलं की गूगलचा सर्व्हर ठरवतो हा भूकंप आहे आणि लांबच्या फोनना निरोप जातो, निरोप लाटेपेक्षा कितीतरी वेगाने जातो. भारतात हे सप्टेंबर २०२३ पासून आहे, ४.५ च्या वरच्या भूकंपासाठी.

म्हणजे कोयनानगरमध्येच बसलेल्याला फायदा जवळजवळ नाही, त्याच्याकडे दोन्ही लाटा लगोलग येतात. कराडला, साताऱ्याला जेमतेम काही सेकंद, पुण्याला पाव-अर्धा मिनिट मिळू शकतं, तेसुद्धा सर्व्हरने पटकन ओळखलं तर. आणि १९९३ ला किल्लारीत गेले ते बहुतेक भूकंपाच्या अगदी जवळच्या गावांतले, दगडमातीच्या घरात झोपलेले, त्यांना कुठल्याही फोनने वाचवलं नसतं, तिथे घराची बांधणीच लागते. शिवाय २०२३ च्या तुर्कस्तानच्या मोठ्या भूकंपात या सिस्टीमने ताकद फारच कमी धरली आणि मोठ्या आवाजाचा इशारा अगदी थोड्या लोकांना गेला, त्यानंतर गूगलने पद्धत सुधारली. त्यामुळे चालू ठेवा, विसंबून राहू नका.

सेटिंगमध्ये "सेफ्टी अँड इमर्जन्सी" मध्ये "अर्थक्वेक अलर्ट्स" आहे, नेट आणि लोकेशन चालू लागतं. जोराचा धक्का येणार असेल तर फोन सायलेंटवर असला तरी मोठ्याने वाजतो. तिथेच डेमो पण बघता येतो, तो आवाज कट्ट्यावर सगळ्यांना एकदा ऐकवा, म्हणजे रात्री वाजला तर फोन बघत बसण्याऐवजी माणसं टेबलाखाली जातील.